विमानातली महागडी खुर्ची : पायांना तिचा उपयोग किती?

उन्हाळा लागला आणि पारा ४५ च्या पुढे सरकू लागला की आमच्या दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारची मंडळी येतात. त्यांना आजार नसतो. त्यांना अमेरिकेला जायचे असते. कुणी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, कुणी वीज केंद्रातून, कुणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून, कुणी गडचिरोलीकडचे निवृत्त शिक्षक. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असते, नातवंड होणार असते किंवा झालेले असते आणि आईवडील सहा महिन्यांसाठी निघालेले असतात. बीपी तपासून घेणे, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घेणे ही कामे झाली की हल्ली हमखास एक प्रश्न येतो. "डॉक्टरसाहेब, पोरगं म्हणते, बाबा, बिझनेस क्लासनंच या. साध्या सीटनं पायात रक्ताची गाठ होते म्हणे. तिकिटाचा आकडा ऐकून माझाच बीपी वाढला. खरंच लागते का ते?"

प्रश्न रास्त आहे. बिझनेस क्लासचे तिकीट साध्या तिकिटाच्या साधारण तीन ते पाच पट असते. दोघांचे जाण्यायेण्याचे मिळून जो फरक पडतो, त्यात आपल्याकडे एखादे छोटे लग्न होते. मुलगा प्रेमापोटी म्हणतो हे खरे. पण त्या पैशातून पायाचे रक्षण किती होते आणि नुसता आराम किती मिळतो, हे समजून घेतलेले बरे.

आधी ही गुठळी होते कशी ते पाहू. हृदय रक्त पायापर्यंत ढकलते, पण पायातून वर परत आणण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि आतल्या शिरांतील रक्त वर चढते. विहिरीवरच्या हातपंपासारखेच समजा. हापसणे थांबले की पाणी थांबते. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसले की रक्त शिरांत साचते, आणि साचलेले रक्त गोठण्याची शक्यता वाढते. या विकाराला डीप व्हेन थ्रोम्बोसिस म्हणतात. गुठळी पोटरीत राहिली तर पाय सुजतो, दुखतो. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते आणि जीवही जाऊ शकतो.

याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव १९७७ साली पडले आणि तेव्हापासून सगळा दोष स्वस्त खुर्चीच्या माथी बसला. पण विमानाचा संबंध येण्याच्या आधीची एक नोंद आहे. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते. लोक रात्र रात्र तळघरांतल्या आसऱ्यात कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. कीथ सिम्प्सन या डॉक्टरांच्या लक्षात आले की, अशा रात्रीनंतर फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू एकदम वाढले आहेत. खुर्चीची कड मांडीखाली रुतत होती आणि पाय खाली लोंबत होते. पुढे तेथे झोपण्याचे बाकडे बसवले गेले. त्यानंतर १९५४ साली होमन्स नावाच्या अमेरिकन सर्जनने काही रुग्णांची हकिगत छापली. त्यात १४ तास विमानात बसलेले ५४ वर्षांचे एक डॉक्टर होते, मोटारीने लांब गेलेले होते आणि एक जण तर नाटकाला बसलेला होता. आमच्या झाडीपट्टीतली नाटके रात्रभर चालतात, पण प्रेक्षक मधून मधून चहाला उठतात, हे त्या मानाने चांगलेच म्हणायचे.

म्हणजे दोष विमानाचाही नाही आणि तिकिटाचाही नाही. दोष न हलता बसण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या मोठ्या अभ्यासाचा अहवाल २००७ साली आला. चार तासांहून अधिक प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असे त्यात दिसले, आणि तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा. दुप्पट म्हटले की छातीत धस्स होते, म्हणून दुसरा आकडाही सांगतो. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात निरोगी माणसाला असा त्रास होण्याचे प्रमाण सुमारे ६००० त १ इतके आहे. हा धोका उतरल्याबरोबर संपत नाही, साधारण चार आठवडे थोडाफार राहतो. त्या काळात पुन्हा लांबचा प्रवास केला तर तो आणखी वाढतो. आपल्या मंडळींचा प्रवास तर घरून निघाल्यापासूनच मोजायला हवा. चंद्रपूरहून नागपूरपर्यंत गाडीत तीन तास, तिथून मुंबई किंवा दिल्ली, तिथे वाट पाहणे, मग पंधरा-सोळा तासांचे मोठे विमान. एटापल्ली-भामरागडकडून येणाऱ्यांचे त्याहून जास्त. सगळे मिळून एक दिवस आणि एक रात्र सहज जाते.

आता मूळ प्रश्न. पुढच्या महागड्या खुर्चीत बसणाऱ्यांना गुठळ्या कमी होतात का? दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी नेमके हेच पाहिले. सुमारे ९०० प्रवाशांत दोन्ही वर्गांची तुलना केली आणि २००३ साली निष्कर्ष छापला. दोन वर्गांत म्हणावा असा फरक आढळला नाही. अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ च्या मार्गदर्शनात असेच सांगितले की, साध्या वर्गात बसल्यामुळे गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. पुरावा आहे तो खिडकीजवळ बसून न उठण्याच्या विरोधात. खिडकीची जागा घेतली की दोन माणसे ओलांडून बाहेर यावे लागते आणि संकोचाने माणूस उठतच नाही.

हा संकोच आपल्या लोकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते तिकिटाच्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त. आमच्याकडच्या बाया एस.टी.ने नागपूरला जायचे तर सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायची सोय नसते. तीच सवय विमानात जाते. शेजारी परका माणूस, हवाई सुंदरीशी बोलायला इंग्रजी येत नाही, संडासाचे दार कसे उघडायचे ते माहीत नाही. मग बाई पंधरा तास मांडीवर हात ठेवून तशीच बसून राहते. जेवण आले तर थोडे खाते, पाणी घोटभर. अशी माणसे पुढच्या खुर्चीत बसवली तरी ती तिथेही तशीच बसून राहतील. मुलांनी बिझनेस क्लासचा विचार करण्याआधी आईशी फोनवर मोकळेपणाने एवढे बोलावे की, उठायला लाजू नकोस, दार मधोमध दाबले की आत दुमडते, आणि शेजाऱ्याला 'एक्स्क्यूज मी' एवढे दोन शब्द पुरतात. तिकीट काढताना दोघांपैकी एकाची जागा तरी मधल्या वाटेच्या कडेची मागून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. फार उंच माणसांप्रमाणेच १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच फुटांहून किंचित कमी उंचीच्या माणसांनाही धोका जास्त. कारण उघड आहे. पाय जमिनीला टेकत नाहीत आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे दाबते. आपल्याकडील बहुतेक स्त्रिया या उंचीच्या आहेत. पायाखाली एखादी छोटी बॅग ठेवून पावले टेकवली की हे टळते. याला एक पैसा लागत नाही.

दर तासा-दीड तासाने उठून वाटेतून एक फेरी मारावी. उठता येत नसेल तेव्हा टाच टेकवून पंजा वर, मग पंजा टेकवून टाच वर, असे वीस-पंचवीस वेळा करावे. शिवणयंत्राचा पाय ज्यांनी चालवला आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. झोपेची गोळी घेऊन निपचित पडू नये. मद्य टाळावे, त्यानेही माणूस न हलता पडून राहतो. 'रक्त पातळ करायला' म्हणून मनानेच ॲस्पिरिन सुरू करू नये. शिरांतील या गुठळीसाठी तिचा भरवसा देता येत नाही आणि पोटात रक्तस्राव मात्र होऊ शकतो. हृदयासाठी ती आधीपासूनच चालू असेल तर बंदही करू नये.

खर्च करायचाच तर गुडघ्यापर्यंतच्या दाब देणाऱ्या मोज्यांवर करावा. लांब विमानप्रवासात हे मोजे घालणाऱ्या आणि न घालणाऱ्यांचे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा २६३७ प्रवाशांत ५० जणांच्या पायात, त्यांना न जाणवणाऱ्या, गुठळ्या सापडल्या. त्यांतील ४७ जणांनी मोजे घातले नव्हते, घातलेले फक्त तिघे होते. मोजे मात्र घोट्याचे आणि पोटरीचे माप देऊनच घ्यावेत. कसेही घट्ट मोजे घातले तर फायद्याऐवजी काच बसतो. ज्यांच्या पायातील रोहिण्या अरुंद झाल्या आहेत, विशेषतः जुना मधुमेह असलेले आणि बिडी-सिगारेट ओढणारे, त्यांनी डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिल्याशिवाय ते घालू नयेत.

पूर्वी कधी गुठळी झालेली असणे, कर्करोगाचे उपचार चालू असणे, नुकतेच मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेले असणे, गर्भनिरोधक गोळ्या, फार लठ्ठपणा, या गोष्टी असतील तर प्रश्न खुर्चीचा राहत नाही. अशांना प्रवास पुढे ढकलावा लागेल किंवा प्रवासापुरती रक्त न गोठू देणारी इंजेक्शने-गोळ्या लागतील. ते ठरवायला निघण्याच्या महिनाभर आधी तरी डॉक्टरांकडे जावे. आदल्या दिवशी येऊन 'फिट आहे' लिहून मागणाऱ्यांना काय सांगावे ते मला कळत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांसाठी सिकलसेलबद्दल वेगळे सांगायला हवे. उडत्या विमानातील हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. आपण ६००० ते ८००० फूट उंचीवर, म्हणजे जवळजवळ सिमल्यात बसलो आहोत, असा तो ठेवलेला असतो. प्राणवायू तेवढा कमी मिळतो, हवाही फार कोरडी असते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. सिकलसेलचा रुग्ण असेल, म्हणजे तपासणीत 'एसएस' आले असेल, तर कमी प्राणवायूने रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याने तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय विमानात बसू नये, विमानात ऑक्सिजन लागेल का ते आधी ठरवून कंपनीला कळवावे, भरपूर पाणी प्यावे, अंगावर ऊबदार कपडे ठेवावेत. 'एएस' म्हणजे नुसते वाहक असलेल्यांना साध्या प्रवासी विमानात सहसा अडचण येत नाही. आता शिकून पुण्या-बंगळुरूला आणि परदेशी निघालेली आमच्या भागातली मुले कितीतरी आहेत. ज्यांनी शाळेत असताना तपासणी केली आणि कार्ड पेटीत ठेवून दिले, त्यांनी ते बाहेर काढून पाहावे. आणि हे नीट लक्षात घ्यावे की हवा पुढच्या वर्गात आणि मागच्या वर्गात तीच असते. दाब तोच, प्राणवायू तोच, कोरडेपणाही तोच. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला पुढे बसून जास्त प्राणवायू मिळत नाही.

मग बिझनेस क्लास कुणी घ्यावा? तिथे मिळते ते मुख्यतः आडवे झोपायला बिछाना आणि कुणाला न ओलांडता उठण्याची सोय. ज्यांचा पाठीचा कणा किंवा गुडघे इतके दुखतात की घरीही दोन तास सलग बसवत नाही, ज्यांचे पाय हृदयविकाराने आधीच सुजतात, जे ८० च्या आसपास आहेत आणि एकटेच निघाले आहेत, त्यांच्या मुलांना परवडत असेल तर पैसे वाया जाणार नाहीत. जाण्यायेण्यापैकी एकाच वेळेस घ्यायचे तर रात्रीच्या लांब उड्डाणाला घ्यावे. मधल्या थांब्यावर एक रात्र हॉटेलात झोपून पुढे जाणे हाही एक मार्ग आहे, आणि तो पुष्कळदा स्वस्त पडतो. धडधाकट साठीतल्या जोडप्याला वैद्यकीय कारणासाठी याची गरज नाही. आरामासाठी घ्यायचे तर अवश्य घ्या, मुलाचे मनही राखले जाईल. पण पाय हलवणे तिथेही चुकत नाही.

त्याआधी एक खर्च मात्र मुलाकडून जरूर करवून घ्या. चांगला प्रवास विमा, आणि तोही जुन्या बीपी-मधुमेहाला काय लागू आहे ते वाचून. अमेरिकेत रुग्णालयाच्या एका दिवसाचे बिल हजारो डॉलरचे होते. विमा नाही आणि खुर्ची मात्र बिझनेस क्लासची, हा हिशेब मला पटत नाही. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या जवळच्या बॅगेतच ठेवाव्यात. खाली जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठू शकते, शिवाय ते सामान हरवते ते वेगळेच. अमेरिकेला जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो. इन्सुलिन केव्हा किती घ्यायचे हे आधी कागदावर लिहून घ्यावे.

तिकडे पोचल्यावर किंवा परत आल्यावर दोन महिन्यांत एकच पाय सुजला, पोटरी कडक झाली, दुखू लागली, तर 'प्रवासाने सूज आली' म्हणून तेल लावून चोळू नये. चोळल्याने गुठळी सुटण्याची भीती असते. दोन्ही पाय सारखे सुजून एक-दोन दिवसांत उतरले तर बहुधा काळजी नसते. एकच पाय असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि न विचारता सांगावे की, अमुक तारखेला लांबचा प्रवास केला होता. पायाची डॉपलर सोनोग्राफी केली की बहुतेक वेळा निदान होते आणि औषधही आहे. एकाएकी धाप लागली, छातीत श्वासाबरोबर कळ आली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर सोनोग्राफीची नंबर लावून वाट पाहू नये, सरळ मोठ्या रुग्णालयात जावे. बसने पुण्याहून आलेल्यांनाही हेच लागू आहे.