तगाद्याचं वर्ष

शके १९४७च्या पाडव्याला वहीच्या पहिल्या पानावर चार संकल्प लिहिले होते. आठवड्याला एक पुस्तक. रोज एक पान लेखन. नेमाड्यांची ‘हिंदू’ एकदाची संपवणं. आणि दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ ज्या त्या महिन्यात वाचणं. वर्ष सरल्यावर वही चाळली, तेव्हा दिसलं की जे तडीला गेलं त्यातलं बरंचसं या यादीत नव्हतंच.

‘रोज एक पान’ आषाढापर्यंत कसंबसं आलं. शेवटची पानं वाचवत नाहीत. पाऊस आला, सिलिंडर संपला, बँकेत रांग होती. कुणी वाचणारच नाही असं ठाऊक असलं की लिहिणारा स्वतःलाही काही सांगेनासा होतो. शिस्तीचा दाखला म्हणून नेहमी अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं नाव घेतात. टपालखात्यात नोकरी, आणि तिच्याआधी पहाटे साडेपाचला समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. लोक एवढंच सांगून थांबतात. त्याच्या १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात एका म्हाताऱ्या मोतद्दाराचाही उल्लेख आहे. ट्रोलपला पहाटे उठवण्याच्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत, आणि आपल्या यशात या माणसाइतका वाटा दुसऱ्या कुणाचा नसेल, असं ट्रोलपनं मोकळेपणानं लिहून ठेवलंय. ज्याच्या निग्रहाचे गोडवे गातात, त्यालाही दारावर थाप मारणारं कुणीतरी लागत होतं.

मला ती थाप बेळगावहून आली. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं श्रावणात फोनवर सुचवलं, दर रविवारी एकमेकींना एकेक पान पाठवू. विषय कुठलाही, पण तारीख चुकवायची नाही. तिची दाद म्हणजे एकच वाक्य: ‘पुढं काय झालं ते लिहिलं नाहीस.’ या एका वाक्यानं माझं लेखन जेवढं सुधारलं तेवढं लेखनकलेवरच्या पुस्तकांनी सुधारलं नाही. माझ्या घरातल्या रंगवलेल्या भिंतीचं वर्णन तिला नको होतं. भिंत रंगवताना दिरांशी काय बिनसलं ते हवं होतं.

रविवारचा वायदा मराठीला नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर सोबतचे कैदी बसलेले आणि टिपून घ्यायला साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक विनोबांनी टेबलाशी बसून लिहिलेलंच नाही. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ ९ ते १३ फेब्रुवारी अशा पाच दिवसांत लिहून काढलं. हा वेग चमत्कारासारखा सांगितला जातो. तुरुंगात सवड होती हे खरं, पण सवड तिथल्या प्रत्येकालाच होती. मला वाटतं, पुस्तकाच्या घडणीकडे पाहावं: श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक गोष्ट सांगतो आहे. ऐकणारी माणसं गुरुजींनी आधी समोर बसवली, मग लिहायला घेतलं.

वाचनाचंही तसंच झालं. ‘आठवड्याला एक पुस्तक’ या संकल्पानं मी वाचनालयाच्या कपाटात सडपातळ कणा शोधू लागले, म्हणून तो मीच मोडीत काढला. कार्तिकात मात्र दिवाळी अंकांची योजना सुरू झाली. वेगळी वर्गणी, एका वेळी एकच अंक, आणि परत करायला उशीर झाला की काउंटरवरच्या काकांचा फोन: ‘ताई, अंकासाठी चौघं थांबलेत.’ १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक संपादकांच्या तगाद्यावर लिहीत आले आहेत; वाचकही दुसऱ्या वाचकाच्या तगाद्यावर वाचतो, हे मला काकांनी शिकवलं. घरी विकत आणलेला अंक होळीपर्यंत टीपॉयवर पडून होता.

आणि ‘स्मृतिचित्रे’. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांना ताण नको म्हणून रात्री जेवणानंतर मी त्यांना लक्ष्मीबाई टिळक वाचून दाखवू लागले. कॉलेजात मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. मोठ्यानं वाचताना कळलं की लक्ष्मीबाईंची वाक्यं बोलण्याच्या लयीतच बांधलेली आहेत. कुठं श्वास घ्यायचा ते तीच सांगतात. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग आले की सासूबाई मला थांबवून त्यांच्या आजोळच्या विहिरीची गोष्ट काढत, आणि तेवढ्यात अर्धा तास जाई. लक्ष्मीबाईंच्या यजमानांनी, टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या भागात त्या काहीच बोलल्या नाहीत. पुस्तक मिटून मी उठणार तेव्हा म्हणाल्या, ‘अगं, आता मधेच थांबतेस होय? बाईचं काय झालं ते कळू दे की.’ त्यांचा डोळा केव्हाच बरा झाला. नवा चष्माही आला. तरी वाचून मीच दाखवायचं, असं ठरून गेलं आहे.

‘हिंदू’ अजून अर्ध्यावर आहे. तिच्याबद्दल विचारणारं घरात कुणी नाही, एवढंच त्याचं कारण. कादंबरीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

‘ऋतुचक्र’ मात्र एकटीनं वाचूनही जमलं. १९५६ सालचं पुस्तक, बारा महिन्यांचे बारा लेख, आणि तगादा लावायला झाडं. फाल्गुनात एसटी स्टँडमागचा पांगारा लाल झाला की त्या महिन्याचं पान उघडायचं राहिलंय हे आपोआप आठवे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा ज्येष्ठाचा लेख दोनदा वाचायला हरकत नाही.

नव्या वर्षाची यादी केलेली नाही. बेळगावचा रविवार चालू राहील. सासूबाईंनी इरावतीबाईंचं ‘युगान्त’ मागितलं आहे. भीष्मापासून क्रमानं वाचू म्हटलं, तर म्हणाल्या, ‘ते राहू दे, आधी द्रौपदी.’