निजामाच्या नावाच्या गावात एक फादर

आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना उस्मानाबाद परमुलखातलं वाटत नाही. सातव्या निजामाच्या नावाचं हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतं. मराठी साहित्य संमेलनाचं म्हणाल, तर १९३१ साली ते इथे हैदराबादेतही भरलं होतं, ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली. म्हणून जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरलं, तेव्हा आम्ही ते घरचं कार्य असल्यासारखं पाहत होतो. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावरचे पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.

निवड एकमतानं झाली होती, तरी वाद पेटलाच. आयोजकांना धमक्यांचे फोन आले. धर्मगुरूला अध्यक्ष का करता, हा प्रश्न होता. त्यावर आपण उदारमतवाद्यांनी घाईघाईनं उत्तर दिलं, की अहो, ते पर्यावरणवादी आहेत, ललितलेखक आहेत. थोडक्यात, त्यांचा पांढरा झगा आपणच लपवायला निघालो. आज मागे पाहताना ते उत्तर मला लंगडं वाटतं. दिब्रिटो फादर असूनही लेखक झाले असं नाही. फादर होते म्हणूनच ते असे लेखक झाले.

त्यांचं गाव वसई तालुक्यातलं नंदाखाल. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या इथल्या शेतकरी-बागायतदारांनी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतरही श्रद्धा सोडली नाही, आणि बोली तर त्याआधीही सोडलेली नव्हती. देवळातली उपासना मात्र लॅटिनमध्ये चाले. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी याला तिनं वाट मोकळी केली आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असंही सांगितलं. दिब्रिटोंची दीक्षा १९७२ची, म्हणजे ही हवा ताजी असतानाची. आईची भाषा आणि देवाची भाषा एकच असू शकते, हे त्यांच्या पिढीला चर्चनंच सांगितलं होतं. पुढचं सगळं त्यातून आलं, असं माझं मत आहे.

१९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षं त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं. सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान. पण वसईत तेव्हा शुभ वर्तमान फारसं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर गेली, बागायतीच्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसून विकलं जाऊ लागलं, मागोमाग गुंडगिरी आली. हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर पुढे होते. जिवाला धोका होता, तरी मागे हटले नाहीत. सृष्टी ही निर्मात्यानं माणसाकडे ठेवलेली ठेव आहे, हे वेदीवर रोज बोलायचं आणि विहीर आटताना गप्प बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यांचं ईश्वरविज्ञान पाहायचं तर ते इथे, विहिरीच्या काठावर.

आणि ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या मराठी अनुवादात. मराठीत धर्मग्रंथ आणताना शब्द निवडणं हीच मोठी धर्मचर्चा असते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं ते ओवीत, आणि त्यात वैकुंठ हा शब्द बिनदिक्कत वापरला. उलट पंडिता रमाबाईंनी आपल्या भाषांतरात (ते १९२४ला, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं) हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द कटाक्षानं टाळले, कारण साध्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. दिब्रिटोंनी रमाबाईंचा सोपेपणा घेतला, पण मनानं ते स्टीफन्सच्या कुळातले. ज्ञानोबा-तुकोबांच्या मराठीशी त्यांनी सोयरीक ठेवली. या कामाला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ‘ओअॅसिसच्या शोधात’ किंवा ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन अधिक वाचलं गेलं असेल. कधी कधी त्यांचं ललित गद्य जरा जास्तच गोड होतं, हेही सांगायला हवं. बायबलात ती गोडी ताब्यात आहे.

उस्मानाबादेत संमेलननगरीला तेरच्या गोरोबाकाकांचं नाव होतं. मणक्याच्या दुखण्यानं बेजार झालेले अध्यक्ष चाकांच्या खुर्चीतून आले. गाईच्या नावावर माणसं मारण्याला त्यांनी स्पष्ट शब्दांत विरोध केला, मराठी शाळांविषयी बोलले आणि उपचारांसाठी संमेलन अर्ध्यावर सोडून मुंबईला परतले. ज्यांनी धर्मप्रचाराची भीती घातली होती, त्यांच्या हाती काही लागलं नाही. ख्रिस्ती मराठी लेखक आपलं वेगळं संमेलन १९२०च्या दशकापासून भरवत आले आहेत. त्या मांडवातून या मांडवात यायला नव्वदहून अधिक वर्षं लागली. याची लाज संमेलनाला वाटायला हवी, फादरना नव्हे.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. २५ जुलै २०२४ रोजी फादर वसईतल्या घरी गेले, आणि नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये त्यांना निरोप देण्यात आला.