जुना ट्रक, अडलेले डिझेल : पंप खोलण्याआधी वॉशर पाहा

कोल्हापूरच्या मालवाहतुकीत जुन्या ट्रकांचे स्थान अजून संपलेले नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचे कास्टिंग, शाहूपुरीचा गूळ, हंगामातला ऊस असा कितीतरी माल लहान मालकांच्या जुन्या गाड्या ओढतात. अशा मालकाची गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडे जाते, व्यापाऱ्याचा विश्वास जातो आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या वेळी आम्ही जुन्या डिझेल गाडीच्या सर्वांत नेहमीच्या दुखण्याविषयी लिहीत आहोत. ते दुखणे म्हणजे इंजिनापर्यंत डिझेल नीट न पोहोचणे.

आमच्या परिचयातील एका मालकाचा जुना टाटा ट्रक रत्नागिरीहून भरून परतताना साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाच्या चढाला दम तोडू लागला. सपाटीला गाडी ठीक, चढाला ओढ नाही, मग बंद. हँडपंप मारला की पुन्हा चालू, दोन-तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. एका गॅरेजमध्ये निदान झाले की पंप गेला, तो पूर्ण खोलावा लागेल. खर्च हजारांत होता. मालकाने दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी पंपाला हातही लावला नाही. टाकीकडून फीड पंपाकडे येणाऱ्या पाईपच्या बेंजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर बदलले, एअर काढली आणि गाडी घाटात पाठवली. गाडी विनातक्रार चढली.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. ढकलण्याच्या बाजूला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर गळते, डोळ्यांना दिसते. ओढण्याच्या बाजूला मात्र डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. पाईप बाहेरून कोरडा असतो, म्हणून संशय थेट पंपावर जातो. चढाला इंजिनाला डिझेल जास्त लागते, म्हणून दोष तिथेच उघडा पडतो.

तपासणी टाकीपासून सुरू करावी. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढले जात नाही. गाडी ओढ सोडू लागताच झाकण उघडून पाहावे. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर रोग सापडला. टाकीच्या तळाचा प्लग उघडून पाणी व गाळ काढावा. रात्री टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतील ओलाव्याचे पाणी होते, म्हणून शक्यतो संध्याकाळीच डिझेल भरावे.

दुसरी पायरी डब्याची. स्वच्छ डिझेलचा लहान डबा उंचावर बांधून नव्या पाईपने थेट फीड पंपाला जोडावा. गाडी नीट चालली तर दोष टाकी ते फीड पंप यांच्यामध्येच आहे. पारदर्शक पाईप लावल्यास बुडबुडेही दिसतात. तरीही फरक पडला नाही तर फीड पंपाची जाळी, व्हॉल्व व स्प्रिंग, हँडपंपाचा दट्ट्या नीट आवळलेला आहे का आणि मग दोन्ही फिल्टर पाहावेत. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरणे ही बचत नव्हे. फाटलेल्या कागदातून गेलेला कण पंपाचे एलिमेंट खातो.

एअर काढण्याचाही क्रम आहे. आधी पहिला फिल्टर, मग दुसरा, मग पंपाचा स्क्रू. बुडबुडे संपून अखंड धार येईपर्यंत हँडपंप मारावा. शेवटी नोझलकडचे नट सैल करून इंजिन फिरवावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीच धरू नये. हा दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो, आणि जखम लहान दिसली तरी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

एवढे करूनही काळा धूर, खडखड किंवा ओढ नसणे कायम राहिले, तर नोझल आणि पंपाकडे वळावे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने असे पंप 1927 पासून मोठ्या प्रमाणावर बनवले. बंगळूरची मायको 1951 मध्ये स्थापन झाली, 2008 मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी आपल्याकडे तोंडी ‘मायको पंप’ हेच नाव राहिले. त्यातील प्लंजर व बॅरल यांमधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकी असते. तो रस्त्याकडेला खोलायचा जिन्नस नव्हे. टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच द्यावा.

जुन्या गाडीच्या मालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर अत्यल्प गंधकाचे डिझेल मिळते. अमेरिकेत ऑक्टोबर 1993 मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हा अनेक जुन्या गाड्यांच्या पंपांची कडक झालेली रबरी सीले गळू लागली होती. आपल्या जुन्या गाडीची सीले व रबरी पाईप म्हणूनच वेळेवर बदलावेत.

आमचे मिस्त्री बंधूंनाही सांगणे आहे. स्वस्त दोष आधी शोधणाऱ्याचे त्या दिवसाचे बिल लहान होते, पण तो मालक पुढची सारी कामे घेऊन त्याच्याकडेच येतो. आणि मालकांनी आपल्या ड्रायव्हरच्या पेटीत चार तांब्याची वॉशर, एक फिल्टर आणि हातभर पारदर्शक पाईप आजच ठेवावा.