हजेरीपटाची रुजवात
लिनक्सचे अंतरंग : लेखांक नववा

गेल्या लेखांकात यंत्र प्रवेशाची परवानगी कोणत्या कसोट्यांवर देते, याचा आपण विचार केला. परवानगी मिळून माणूस आत आल्यावर त्याच्या येण्याची नोंद कोठे होते, ती कोण करतो, आणि प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीशी तिचा मेळ पुष्कळदा का बसत नाही, हा आजचा विषय आहे. ‘हू’ ही आज्ञा दिली असता रजेवर गेलेले गृहस्थ यंत्रावर बसलेले दिसावेत, आणि ज्याने दुपारभर फायलींची ने-आण केली त्याचे नाव ‘लास्ट’च्या यादीत शोधूनही सापडू नये, असे प्रसंग यंत्रव्यवस्थापकाच्या वाट्याला नेहमी येतात. अशा वेळी यंत्र बिघडले किंवा कोणी घुसखोरी केली, अशा टोकाच्या निष्कर्षांकडे मन धावते. परंतु या नोंदी कशा तयार होतात हे ध्यानी घेतले, तर बहुतेक विसंगतींचा उलगडा शांतपणे करता येतो.

ही दप्तरे लिनक्सहून पुष्कळ जुनी आहेत. युनिक्सची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, तेव्हाच तिच्यात यूटीएमपी आणि डब्ल्यूटीएमपी या दोन्ही फायलींचे वर्णन होते. यूटीएमपी या क्षणी कोण हजर आहे ते सांगते. आजच्या बहुतेक यंत्रांवर ती स्मृतीतच राहते आणि यंत्र बंद होताच पुसली जाते. डब्ल्यूटीएमपी ही आवक-जावकीची वाढत जाणारी वही असून ‘लास्ट’ तीच उलटी, म्हणजे शेवटाकडून, वाचून दाखवते. बीटीएमपीमध्ये फसलेल्या प्रयत्नांची नोंद होते. घाईत असलेला माणूस नावाच्या जागी परवलीचा शब्दच टंकून बसतो आणि तो तेथे जसाच्या तसा उमटतो, म्हणून ही फाईल सर्वांना वाचू देत नाहीत. चौथी फाईल लास्टलॉग. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याचा केवळ शेवटचा प्रवेश असतो.

या चारही दप्तरांत लिहिणारा हात कर्नलचा नाही, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्नल प्रक्रिया जाणतो. ‘अमुक मनुष्य आत आला’ ही कल्पना त्याच्या हिशेबी नाही. नोंद करतात ते लॉगिन, एसएसएच सेवा, चित्रमय प्रवेशपट, टर्मिनलची खिडकी असे निरनिराळे प्रोग्राम, आणि तेही आपापल्या समजुतीप्रमाणे. कचेरीच्या देवडीवर वही ठेवावी, येणाऱ्याजाणाऱ्याने तीत आपले नाव आपणच लिहावे, आणि लिहिले की नाही हे पाहायला कोणी पहारेकरी नसावा, तशी ही व्यवस्था आहे. तेव्हा तिच्यातली प्रत्येक ओळ ही एका साक्षीदाराची जबानी समजावी, आणि जबानीचे मोल दुसऱ्या साक्षीशी रुजवात घातल्यावरच ठरवावे.

पहिला प्रश्न वहीच्या व्याप्तीचा. ‘लास्ट’च्या यादीच्या तळाशी वही कोणत्या तारखेपासून सुरू होते ते छापलेले असते, आणि पुष्कळजण ती ओळ वाचतच नाहीत. लॉगरोटेट ही व्यवस्था बहुधा दरमहा जुनी वही बाजूला ठेवून नवी उघडते. म्हणून मागील महिन्यातील प्रवेश हवा असेल तर जुन्या फाईलचे नाव देऊन तीच वाचावी लागते. याहून फसवा प्रकार म्हणजे डिस्कवर जागा करण्यासाठी कोणी डब्ल्यूटीएमपी फाईलच काढून टाकणे. नोंद करणारे प्रोग्राम ती फाईल नव्याने निर्माण करीत नाहीत. ती नसली तर ते तक्रारीचा एक शब्दही न काढता नोंद करणेच सोडून देतात. फाईल रिकामी करणे आणि फाईल नाहीशी करणे, यांतले अंतर येथे फार मोठे आहे.

दुसरा प्रश्न काळाचा. नोंदीत वेळ ठेवतात ती १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांच्या रूपाने, जागतिक प्रमाणवेळेनुसार; वाचणाऱ्याच्या कालक्षेत्राप्रमाणे तिचे रूपांतर वाचतेवेळी होते. म्हणून एकच नोंद एका यंत्रावर सकाळी नऊची आणि दुसऱ्यावर पहाटे साडेतीनची दिसली, तर दोष नोंदीचा नसून वाचणाऱ्या यंत्राच्या कालक्षेत्राचा असतो. स्वतःचे घड्याळ नसलेली छोटी यंत्रे, उदाहरणार्थ जुन्या पिढीची रास्पबेरी पाय, सुरू होताना चुकीची वेळ धरून चालतात आणि नेटवर्कवरून खरी वेळ मिळेपर्यंतच्या नोंदी मागल्या तारखेने पडतात. भारतात एखादी नोंद १९७० सालच्या पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचची दिसली, तर तो शून्य सेकंदाचाच अवतार समजावा.

तिसरा प्रश्न न झालेल्या प्रस्थानांचा. ‘लास्ट’ आगमनाची नोंद घेऊन त्याच टर्मिनलावरील पुढची प्रस्थानाची नोंद शोधते व मुक्कामाचा हिशेब करते. वीज अकस्मात गेली तर प्रस्थान लिहायला कोणी उरतच नाही. मग पुढच्या प्रारंभाची नोंद पाहून ‘क्रॅश’ असा शेरा पडतो आणि मुक्काम त्या प्रारंभापर्यंत मोजला जातो. दुपारी दोनला आलेला माणूस, तीनला गेलेली वीज आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुरू झालेले यंत्र, असा प्रकार असेल तर एका तासाचे काम एकोणीस तासांचे दिसते. या आकड्यांवरून कोणाच्या कामाचे तास मोजणे हा निव्वळ अन्याय होईल. नोंदीतील प्रक्रिया हयात नाही आणि प्रस्थानही नाही, असे आढळले की निरोप न घेता गेल्याचा वेगळा शेरा येतो. ‘हू’ला सविस्तर यादी मागितली की प्रक्रियेचा क्रमांक कळतो; तो क्रमांक चालू प्रक्रियांत नसेल, तर ते रजेवरचे गृहस्थ म्हणजे न खोडलेले नाव, एवढाच अर्थ.

चौथा प्रश्न वहीत नाव न लिहिणाऱ्यांचा. एसएसएच सेवा स्वतःहून नोंद करते ती टर्मिनल मागितले असेल तेव्हा. नुसती आज्ञा पाठवून उत्तर घेणारा, फाईल उचलणारा किंवा गिटची ने-आण करणारा ‘लास्ट’मध्ये सहसा येत नाही. एकाच टर्मिनलात अनेक खिडक्या उघडणाऱ्या टीमक्सच्या खिडक्या येत नाहीत, तर दुसऱ्या काही टर्मिनलांची प्रत्येक खिडकी स्वतंत्र माणूस म्हणून मोजली जाते. अल्पाइनसारख्या वितरणात मसल या ग्रंथालयाने नोंदीची ही कार्ये हेतुतः रिकामी ठेवली आहेत. तेथे ‘हू’चे मौन हाच नियम आहे.

वाचण्यातली एक चूक तर मराठी आडनावांना विशेष बाधते. ‘लास्ट’ नेहमीच्या यादीत नावाची पहिली आठच अक्षरे दाखवते. देशपांडे हे नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचे; त्यापुढे एक-दोन असे आकडे जोडून दोन खाती उघडली, तर यादीत दोघे एकच होतात आणि एकाचे काम दुसऱ्याच्या माथी येते. पूर्ण नावांचा पर्याय दिला की हा घोळ मिटतो.

हे सर्व पाहूनही मेळ बसला नाही, तर फाईलची शरीरपरीक्षा करावी. इंटेल घराण्याच्या चौसष्ट-बिट यंत्रांवर प्रत्येक नोंद नेमकी ३८४ बाइटांची असते. फाईलच्या आकाराला या संख्येने भागून बाकी उरली, तर एखादी नोंद अर्धवट लिहिली गेली असून तिच्या पुढच्या नोंदींचा अर्थ घसरला असण्याचा संभव आहे. यूटीएमपी-डंप ही आज्ञा नोंदी वाचनीय मजकुरात उतरवून देते आणि तो मजकूर पुन्हा मूळ रूपातही नेते. याचाच दुसरा अर्थ असा की रूट अधिकार असलेल्याला यात खाडाखोड करणे अवघड नाही. म्हणून दुसरी साक्ष वेगळ्या हाताने लिहिलेली पाहिजे : जर्नलमधील एसएसएच सेवेच्या ओळी, लॉगिनसीटीएलची सत्रांची यादी, आणि सर्वांत भरवशाची म्हणजे कर्नलच्या ऑडिट व्यवस्थेची. प्रवेशाच्या वेळी पॅम या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेने प्रक्रियेवर लावलेला मूळ वापरकर्त्याचा क्रमांक कर्नल सांभाळतो, आणि पुढे ‘सू’ करून वेष पालटला तरी तो बदलत नाही.

जुन्या वह्यांचे आयुष्यही आता संपत आले आहे. सेकंदांसाठी त्यांत बत्तीस बिटांचीच जागा असल्याने १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, ती भरून जाईल. ओपनसूसेच्या थॉर्स्टन कुकुक यांनी यासाठी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग-२ ही एसक्यूलाइटवर आधारलेली नवी दप्तरे सिद्ध केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ ने जुन्यांच्या जागी त्यांचा अंगीकार केला. म्हणजे यंत्राची आवृत्ती बदलल्यावर ‘लास्ट’ ही आज्ञाच सापडली नाही, तरी गडबडून जाण्याचे कारण नाही. मात्र नव्या दप्तरांतही नोंद प्रोग्रामांच्याच हातून होते, त्यामुळे रुजवातीची गरज उरतेच. कोणाच्या नावावर ठपका ठेवायचा असेल, तर निदान दोन स्वतंत्र साक्षी जुळल्यावाचून तो ठेवू नये. त्यांपैकी ऑडिटची साक्ष कशी नोंदवून घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित कशी ठेवावी, ते पुढील लेखांकात पाहू.