महागडा स्टेक नेमका कुठे बिघडतो?

न्यूयॉर्क-न्यूजर्सीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींवर ही वेळ कधी ना कधी येतेच. ऑफिसातलं कुणी निवृत्त होतं, एखादं मोठं काम पार पडतं, आणि मॅनहॅटनमधल्या नावाजलेल्या स्टेकहाउसमध्ये दहा-बारा जणांचं टेबल बुक होतं. किमती पाहून अपेक्षा वाढतात आणि पुढ्यात येतो तो कोमट, करडा, चावून जबडा दुखेल असा तुकडा. बाहेर पडताना जो तो कारणं सांगत असतो: मांस शिळं होतं, आचारी नवखा होता, रक्त दिसत होतं म्हणजे कच्चंच होतं. यातली बहुतेक कारणं चुकीची असतात. खरं कारण कळत नाही, म्हणून पुढच्या वेळीही तशीच निराशा होते.

आधी रक्ताचं पाहू. ताटलीत साचतो तो लाल रस रक्त नसतो. जनावर कापतानाच जवळजवळ सगळं रक्त वाहून जातं. उरतं ते पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणारं प्रथिन. तापमान चढेल तसा त्याचा रंग लालवरून गुलाबी आणि मग करडा होतो.

दुसरा समज थेट आपल्या स्वयंपाकघरातून आलेला आहे: जितकं शिजवू तितकं मऊ. मटणाच्या बाबतीत हे अगदी खरं. राबलेल्या स्नायूंमध्ये कोलॅजेन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं प्रथिन, भरपूर असतं. ओलसर उष्णतेत ते सावकाश विरघळतं आणि रस्सा बोटांना चिकटेल इतका दाट होतो. पण रिबआय किंवा टेंडरलॉइन हे स्टेकचे तुकडे येतात पाठीच्या भागातून. तिथल्या स्नायूंना फारसे कष्ट नसतात, त्यामुळे विरघळायला कोलॅजेनच कमी. अशा मांसाला जास्त आच दिली की तंतू आकसतात आणि आतलं पाणी बाहेर फेकतात. आतलं तापमान 55 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर मांस रसदार लागतं; 70 च्या पुढे गेलं की ते कोरडं आणि चिवट होतं. गुलाबी रंग नकोच असेल तर टेंडरलॉइन घेऊ नये. चरबीच्या रेषा असलेला रिबआय ही आच बऱ्यापैकी सोसतो, आणि मेन्यूत मंद आचेवर शिजवलेली शॉर्ट रिब असेल तर तीच मागवावी.

‘आतून गुलाबी म्हणजे पोट बिघडणारच’ हेही सरसकट खरं नाही. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि तिथे आच सगळ्यात प्रखर असते. खिम्याची गोष्ट वेगळी, कारण दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. 1993 साली अमेरिकेत एका बर्गर-साखळीच्या अर्धवट शिजलेल्या खिम्यातून ई. कोलाय पसरला आणि चार मुलं दगावली. तिथल्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी 63 अंश आणि वर तीन मिनिटं विसावा, तर खिम्यासाठी 71 अंश अशी आहे. मीडियम रेअर, म्हणजे मधोमध गुलाबी ठेवलेला स्टेक, या 63 अंशांच्या खालीच राहतो. म्हणून गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस टेबलावर असेल तर त्याचा आग्रह करू नये.

भाजून घेतल्यानं रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं रुजवला. तोही चुकीचाच. भाजल्यानंतरही रस गळतच राहतो. खमंग तपकिरी पापुद्रा मात्र त्यामुळेच मिळतो, आणि तो चवीसाठी हवाच.

मग एवढ्या नामांकित जागी बिघडतं कुठे? माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा ते माणसांच्या संख्येत बिघडतं. कुणी जेमतेम भाजलेला रेअर मागतो, कुणी पूर्ण भाजलेला वेल डन. एकाला काही मिनिटं लागतात, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट, आणि ताटल्या तर सगळ्यांच्या एकदमच यायला हव्यात. आधी तयार झालेला स्टेक गरम दिव्याखाली थांबतो. आचेवरून उतरवल्यावरही जाड तुकड्याचं आतलं तापमान तीन-चार अंश वाढतच राहतं. अशाच एका जेवणात शेजारच्या सहकाऱ्यानं मीडियम रेअर मागवला होता. ताटली आली आणि साहेबांचं भाषण सुरू झालं. सुरी लावली तेव्हा वरचं लोणी थिजून पांढरं झालेलं आणि मधोमध जेमतेम एक गुलाबी रेघ. ताटली वेळेत परत पाठवायची राहून गेली होती.

त्यामुळे भाषणं आधी उरकावीत आणि ताटली येताच मधोमध कापून पाहावं. कमी भाजलेला स्टेक पुन्हा आचेवर ठेवता येतो. जास्त भाजलेल्याला उपाय नाही, नवाच करावा लागतो. त्याहून बरं म्हणजे न्यूयॉर्कच्या जुन्या स्टेकहाउसांची रीत: दोघा-तिघांत एक मोठा पोर्टरहाउस, कापून आणलेला. स्वयंपाकघराला कमी तुकडे सांभाळावे लागतात.

‘प्राइम’ या शिक्क्याबद्दल थोडक्यात. ही कृषी खात्याची श्रेणी मुख्यतः मांसातल्या चरबीच्या रेषा आणि जनावराचं वय पाहून मिळते, आणि ती घेणं कंपन्यांना सक्तीचं नाही. तो शिक्का आचाऱ्याच्या हाताबद्दल काहीच सांगत नाही.

शेवटी बिल. ‘सारखं वाटून घेऊ, सोपं पडेल’ असं म्हणताच ऑर्डरी फुगतात. इस्रायलमध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी खऱ्या रेस्तराँत हा प्रयोग केला आणि 2004 साली निष्कर्ष छापले: बिल समान वाटायचं ठरलं की माणसं आपापलं भरताना मागवतात त्याहून जास्त मागवतात. आपल्या गटात शाकाहारी कुणी असेल तर पालक आणि भाजलेल्या बटाट्यावर त्याला स्टेकचा वाटा भरावा लागतो, आणि मला हे फार खटकतं. वेगळी बिलं हवीत हे बसतानाच सांगून ठेवावं. शिवाय मोठ्या टेबलाच्या बिलात अनेक ठिकाणी 18 ते 20 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टीपच, आधीच धरलेली असते. ती ओळ दिसली तर खालची टीपची जागा रिकामी सोडली तरी चालते.