पौषातली रपेट

साठी ओलांडली की माणसाला एकाएकी शरीर कमावण्याची आठवण होते. माझेही तसेच झाले. गेल्या पौषात मी बारामतीला नीरा डाव्या कालव्याच्या कडेने पहाटे पाचला रपेट सुरू केली. पायांत बूट, अंगात सदरा, डोके उघडे. "अहो, कानटोपी तरी घाला!" असे घरातून सौ. ओरडे. पण मर्दाला थंडी कसली, या तोऱ्यात मी दार ओढून घेई.

तोरा इंदापूरचा. लहानपणी तिथल्या तालमीत आम्ही पोरे पहाटे चारला हजर असू. तेव्हा थंडी वाजली नाही, मग आता का वाजावी?

एके दिवशी कालव्याच्या चढावर छातीवर जाते ठेवल्यासारखे झाले. डावा हात जडावला. मी पुलाच्या कठड्याला टेकलो आणि पाच मिनिटांत सारे ओसरले. ओसरले म्हणून दोन दिवस कोणाजवळ बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सौ.ने चेहरा वाचला आणि मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवले.

डॉक्टर म्हणाले, "गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जादा रेटा द्यावा लागतो. त्यात तुम्ही अंथरुणातून उठून थेट चढावर! थांबल्यावर दुखणे थांबले म्हणून ते गेले असे नाही. पुन्हा झाले तर जागीच बसा आणि १०८ ला फोन करा." तपासण्या झाल्या, गोळ्या लागल्या. व्यायाम मात्र त्यांनी बंद केला नाही. वेळ बदलायला सांगितली.

मग मला आमची तालीम नीट आठवली. ठेंगणे दार, जाड भिंती, हौद्यात तेल, ताक नि हळद घालून मळलेली तांबडी माती. वाऱ्याला आत शिरायला जागा नसे. मेहनत संपली तरी घाम निथळत असताना वस्ताद कोणाला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसत. अंग कोरडे करून घोंगडी पांघरली की मगच सुटका. मी तालमीतली पहाट तेवढी उचलली होती, भिंती आणि घोंगडी इंदापुरातच राहिल्या!

आपल्या मुलखाचाही एक गुण आहे. कालवा उंचावरून जातो आणि खाली नदीपर्यंत उसाचे फड. निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार नि जड होऊन सखल भागात साचते. कुठे पाचट पेटवले असेल तर धूरही तिथेच तरंगतो. कालव्यावरून फडाकडे उतरा, पोटऱ्यांना गारठा लगेच कळतो. सगळ्यांत कडक थंडी मध्यरात्री नव्हे, सूर्य उगवायच्या सुमारास असते. आणि जानेवारीत तो उगवतो सातनंतर. म्हणजे मी नेमका नको तो मुहूर्त धरला होता.

भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना आठापर्यंत थांबा म्हणून चालत नाही, हे मला समजते. त्यांनी निदान पहिली दहा मिनिटे नुसते चालावे. बनियनवर स्वेटर घालावा, अंग तापले की काढून कमरेला बांधावा, आणि थांबताच ओला सदरा बदलावा; ओले कापड अंगावर असले की ऊब झपाट्याने जाते. श्वास नाकाने घ्यावा. दमेकऱ्याने तोंडावर मफलर घ्यावा आणि आपले औषध खिशात ठेवावे. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे, कारण थंडीत तहान फसवते. आणि पोरांनो, अंधारात काळे कपडे घालू नका! गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्या रात्रंदिवस चालतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. समोरून येणारे वाहन दिसेल अशा, रस्त्याच्या उजव्या कडेनेच चाला.

यंदा मी आठला निघतो. कानटोपी घालतो. सौ.ही बरोबर येते, आणि चढावर मला मागे टाकते.