चित्रपुस्तकावरून सुटीतील उपक्रम : एका अळीची गोष्ट

दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीचे तीन-चार दिवस पहिली-दुसरीच्या वर्गात अभ्यासाचे राहत नाहीत, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मुलांचे चित्त घरच्या फराळाकडे लागलेले असते. आणि ज्यांच्या घरी कापूस वेचणीस आलेला असतो, त्यांपैकी काही मुले धाकट्या भावंडांस घेऊन शेताच्या धुऱ्यावर बसलेली आढळतात. या दिवसांत, तसेच गावातच राहिलेली मुले सुटीत एक-दोन वेळा एकत्र बसवता आली तर तेव्हाही, एखादे चित्रपुस्तक फार उपयोगी पडते. ते कसे, याचा विचार एका पुस्तकाच्या आधारे येथे केला आहे.

एरिक कार्ल (१९२९-२०२१) या अमेरिकन चित्रकाराचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. जगातील साठांहून अधिक भाषांत ते गेले आहे. कथा अगदी लहान आहे. पानावरील अंड्यातून रविवारी सकाळी एक अळी बाहेर पडते. सोमवारी ती एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी आणि शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, कलिंगड असे दहा पदार्थ फस्त करून तिचे पोट दुखू लागते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर तिला बरे वाटते. मग ती स्वतःभोवती आवरण करून राहते व शेवटी फुलपाखरू होऊन बाहेर येते. अळीने जे जे खाल्ले त्या त्या चित्रास खरोखरीचे भोक पाडलेले आहे. कागदास भोके पाडण्याच्या यंत्राशी खेळत असताना कार्ल यांना ही कल्पना सुचली.

पुस्तक शाळेत नसेल तरी अडत नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांची कोरी बाजू, घोटीव कागद, खळ आणि पोथीस बांधावा तसा दोरा एवढ्यावर वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होते. बालशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांचे काही वर्षे अमरावतीस वास्तव्य होते. पुढे १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडास त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालविल्या, त्या पाने, बिया, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तूंवरच. तेव्हा साधनांच्या अभावाची सबब आपण फार पुढे करू नये.

आपल्या पुस्तकातील अळीने आपल्याच गावचे खावे. सोमवारी एक सीताफळ, मंगळवारी दोन पेरू, बुधवारी तीन केळी, गुरुवारी चार आवळे. शुक्रवारची पाच संत्री मात्र जशीच्या तशी ठेवावीत. अचलपूरच्या मुलास ती परकी नाहीत, आणि आंबिया बहाराची फळे याच सुमारास उतरू लागतात. शनिवारी अर्थातच दिवाळीचा फराळ: चकली, करंजी, अनारसा, शंकरपाळे, चिवडा, शेव आणि लाडू. आणखी तीन पदार्थ मुलांनी सुचवावेत. येथे वर्गात हशा होतो, तो होऊ द्यावा. पाच दिवसांची फळे चिंचोके मांडून मोजली की पंधरा भरतात, शनिवारचे धरून पंचवीस. वारांची नावे पाठ करून घेण्याची गरजच पडत नाही. आठवडी बाजाराचा वार कोणता व त्या दिवशी अळीने काय खाल्ले, एवढे विचारले तरी पुरे.

चित्रांसाठी कार्ल यांचीच रीत घ्यावी. ते पातळ कागद आधी रंगवून घेत, नंतर त्याचे तुकडे कापून चिकटवीत. लहान मुलास चित्र काढण्याचे भय वाटते. कापण्या-चिकटविण्याचे वाटत नाही.

परंतु या गोष्टीत आपल्या भागापुरती एक अडचण आहे, आणि माझ्या मते खरा पाठ तेथेच सुरू होतो. मी ही गोष्ट प्रथम सांगितली तेव्हा अळी मोठी झाली म्हणून सर्व मुले आनंदली, एक मुलगा मात्र म्हणाला, “गुरुजी, थे तं आमच्या पऱ्हाटीतली अळी हाये. माहे बाबा तिले फवारा मारतात.” मी त्या वेळी विषय बदलला. ती माझी चूक झाली. वऱ्हाडातील मुलास अळी म्हणजे घरातील चिंतेचा विषय असतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा घरातून आलेल्या मुलाला अळी ही केवळ गोड मैत्रीण आहे असे सांगितले, तर त्यास पुस्तक खोटे वाटेल किंवा बाप दुष्ट वाटेल. दोन्ही नकोत.

म्हणून मुलांना खरी अळी दाखवावी. संत्रा, लिंबू, गोडनिंब व बेल यांच्या कोवळ्या पालवीवर काळ्या-पिवळ्या फुलपाखराची अळी सापडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन तांबूस शिंगे बाहेर काढते व उग्र वास सोडते. ही फळ खात नाही, पाने खाते. मोठ्या झाडास ती फारशी जड जात नाही, पण रोपवाटिकेतील कलमाची पानांची नुसती शीर उरवते. म्हणून बागवान ती हाताने वेचतात. हे सर्व मुलांना सांगावे, आणि ज्यांच्या घरी बाग आहे त्यांच्याकडून अधिक ऐकावे.

अळी शाळेच्या किंवा घराच्या अंगणातील गोडनिंबावरूनच आणावी. नुकत्याच फवारलेल्या बागेत मुलांना मुळीच नेऊ नये, व तेथील पाला अळीसही घालू नये. रुंद तोंडाच्या बरणीस पातळ फडके बांधावे, रोज ताजी पाने द्यावीत, आतली घाण काढावी आणि एक उभी काडी ठेवावी. काही दिवसांनी अळी त्या काडीस रेशमाच्या धाग्याने स्वतःस अडकवून घेते व शेवटची कात टाकते. आतून कोश उघडा पडतो. पुस्तकात ती आवरण बांधताना दाखविली आहे; तसे आवरण पुष्कळ पतंगांच्या अळ्या विणतात. एखाद्या मुलाने हा फरक दाखविला तर त्यास शाबासकी द्यावी. ऊब असता आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघते, थंडीत अधिक दिवस लागतात.

याचा अर्थ असा की कोश बहुधा सुटीतच फुटणार. शाळेस कुलूप लावून बरणी आत ठेवू नये. ती गावातच राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या स्वाधीन करावी, शक्यतो ज्याच्या घरी वेचणीमुळे कोणी कोठे जाणार नाही अशाच्या. फुलपाखरू निघाले की पंख वाळेपर्यंत थांबून ते अंगणात सोडावे, आणि तो दिवस कोळशाने भिंतीवर किंवा पाटीवर लिहून ठेवावा. शाळा उघडल्यावर वर्गाच्या पुस्तकाचे शेवटचे पान कोरेच ठेवलेले असावे. ते त्या मुलाच्या सांगण्यावरून भरावे.